फ्रान्समधली बार्ज ट्रिप: आधी कालवा ठरवा, मग बोट

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. बाबांना पुढच्या वर्षी ७५ पूर्ण होतायत, त्यानिमित्त दोन्हीकडचे आई-वडील आणि तुम्ही दोघं असे सहा जण फ्रान्समधल्या एखाद्या कालव्यावर आठवडाभर लक्झरी बार्ज (राहण्या-जेवणाची सोय आणि क्रू असलेली लांब कालवा-बोट) घ्यायचा विचार करताय. सासूबाईंचा एक गुडघा बदललेला आहे, दोघी आया पक्क्या शाकाहारी, ब्रोशरमधले दक्षिण फ्रान्सच्या कॅनॉल दु मिदी या कालव्याचे फोटो सगळ्यांना आवडलेत, आणि तुमच्या मिस्टरांचं म्हणणं असं की एवढे पैसे ओतून दिवसाला दहा किलोमीटर सरकायचं तर लोक तिसऱ्या दिवशी कंटाळतील. मी या कामात बरीच वर्षं आहे, ट्रिपा आखते आणि पाहुण्यांबरोबर बार्जवर राहतेही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मिस्टरांचा मुद्दा आधी घेऊ, कारण तो पटला नाही तर पुढचं सगळं वाया. अंतर खरंच कमी होतं. पूर्व फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांताच्या कालव्यावर वेगमर्यादा ताशी ६ किलोमीटर आहे आणि मध्ये मध्ये लॉक (दोन्हीकडे दरवाजे असलेला हौद, त्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेतात), त्यामुळे अख्ख्या आठवड्यात पन्नास-साठ किलोमीटर होतात, म्हणजे पुण्याहून लोणावळ्याला गाडीने आपण सव्वा तासात जातो तेवढं. पण बोट दिवसभर चालत नसते. साधारण अर्धा दिवस बोट, अर्धा दिवस मिनीबसने बाहेर. सकाळी क्रूमधलं कोणीतरी गावातल्या बेकरीतून क्र्वासाँ आणि बगेत घेऊन येतं, नाश्ता होईपर्यंत नऊ वाजतात आणि लॉक उघडतात, मग दोन-तीन तास बोट, दुपारी जेवण, त्यानंतर बार्जचीच मिनीबस एखादा किल्ला, वाइनरी, बाजार, अ‍ॅबी (म्हणजे जुना मठ) दाखवून आणते, संध्याकाळी परत डेकवर. लॉक रात्री बंद असतात त्यामुळे रात्री बोट बांधूनच ठेवतात, झोप अगदी शांत लागते. हलत्या बोटीत झोप येईल का ही काळजी बरेच जण करतात, त्याची गरज नाही.

आणि जे बोट चालताना आत बसून राहू शकत नाहीत त्यांच्यासाठी काठाची वाट आहे. पूर्वी घोडे आणि माणसं याच वाटेवरून बोटी ओढायचे, आता ती बऱ्याच ठिकाणी पक्की करून सायकलसाठी दिलीय. बार्जवर सायकली असतातच. एका लॉकवर उतरायचं, सायकल मारत किंवा नुसतं चालत पुढच्या लॉकवर जायचं आणि बोट आली की परत चढायचं. वाट जवळजवळ सपाट असते, सत्तरीतली माणसं आरामात चालतात, आणि कंटाळा आला की बोट मागून येतच असते. तुमच्या मिस्टरांना सायकल द्या, बोटीच्या आधी गावात पोचून कॉफी पिऊन बसतील.

खरी मजा मात्र लॉकमध्ये आहे आणि हे ब्रोशर नीट सांगत नाही. फ्रान्समध्ये १८७९ साली फ्रेसिने नावाच्या मंत्र्याने कायदा करून लॉकचं माप ठरवून टाकलं, ३८.५० मीटर लांब आणि ५.०५ मीटर रुंद बोट मावेल असं. लॉक साधारण ५.२० मीटर रुंद. म्हणजे पूर्ण मापाची बार्ज आत शिरली की दोन्ही बाजूंना मिळून उरते फक्त वीतभर जागा. कॅप्टन एवढी अवजड बोट चालण्याच्याही वेगाखाली आणून आत घालतो, भिंतीला सहसा लागू देत नाही, डेकवरचा माणूस काठावरच्या खुंटीला दोर टाकतो, मागचे दरवाजे बंद होतात, लॉककीपर हँडल फिरवून झडपा उघडतो आणि पाणी उतरायला लागतं. आत्तापर्यंत गवत आणि गायी नजरेसमोर होत्या, आता शेवाळलेली ओली दगडी भिंत वर वर जाते, अडीच-तीन मीटर खाली गेलं की पुढचे दरवाजे उघडतात. बर्गंडीत अजून बरीच लॉक हाताने चालवतात. लॉककीपर मोपेड किंवा व्हॅनमधून बोटीच्या पुढे जाऊन पुढचं लॉक तयार ठेवतो. शेजारी त्याचं छोटं घर, घरावर पाटी, पाटीवर लॉकचा नंबर, नाव आणि मागच्या-पुढच्या लॉकपर्यंतचं अंतर. काही घरांतून भाजी किंवा मधही विकायला ठेवलेला असतो.

माझ्याबरोबर एकदा एक आजोबा होते, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. पहिले दोन दिवस मुलीच्या आग्रहाखातर आलोय असा चेहरा. तिसऱ्या दिवशी लॉकवर खाली उतरले आणि लॉककीपरला विचारायला लागले की वरच्या माथ्यावर पाणी येतं कुठून, गळती किती, आवर्तन कसं ठरवता. फ्रेंच येत नाही, त्याला इंग्लिश बेताचं, मध्ये मी आणि हातवारे. पण प्रश्न अगदी मुळावर बोट ठेवणारा होता. बर्गंडीचा कालवा डोंगर ओलांडतो, त्याचा माथा ३७८ मीटर उंचीवर आहे, बोट वर चढो की खाली उतरो, प्रत्येक वेळी एक लॉकभर पाणी खाली जातं आणि ते वरून भरून द्यावं लागतं. त्यासाठी आसपास धरणं बांधलीयत, पाँतिए, शाझियी, ग्रोबुआ, सेर्से वगैरे. आजोबांना लॉककीपरने हँडल फिरवायला दिलं. त्यानंतर ते दर लॉकला आधीच उतरून उभे असायचे. तुमच्या बाबांचा कल कशाकडे आहे ते तुम्हाला माहीत, पण यंत्रं, पाणी, बांधकाम यात रस असलेल्या माणसाला ही ट्रिप सगळ्यात जास्त आवडते हा माझा अनुभव आहे.

आता कालवा कोणता. इथे माझं मत ठाम आहे. लोक बोटीचे फोटो बघून, जकुझी आहे का बघून बुक करतात आणि कालवा जो येईल तो घेतात. उलटं करा. आठवडाभर तुम्ही खिडकीतून आणि डेकवरून कालवाच बघणार आहात.

कॅनॉल दु मिदी नक्कीच मोठी गोष्ट आहे. पिएर-पॉल रिके नावाच्या माणसाने चौदाव्या लुईच्या काळात १६६६ नंतर काम सुरू केलं, १६८१ साली कालवा उघडला, रिके त्याच्या काही महिने आधीच वारला. तूलूझपासून समुद्राजवळच्या तो सरोवरापर्यंत २४० किलोमीटर, अंड्याच्या आकाराची लॉक, बेझिएजवळ फोन्सरानला एकाला एक जोडलेल्या लॉकचा जिना, मालपासचा बोगदा. १९९६ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. पण तुमच्यासाठी तीन अडचणी. एक, तिथली बहुतेक लॉक ३० मीटरच्या बोटीचीच आणि पूल फार बुटके, त्यामुळे बार्ज लहान आणि केबिनही लहान. दोन, जुलै-ऑगस्टमध्ये दक्षिणेत कडक उन्हाळा आणि कालव्यावर भाड्याच्या बोटींची गर्दी, लॉकपुढे रांगा लागतात, म्हणजे ज्या शांततेसाठी जाताय तीच मिळत नाही. तीन, तुमच्या ब्रोशरमधल्या त्या प्लेन नावाच्या मोठ्या सावलीच्या झाडांच्या कमानी. २००६ साली तिथे बुरशीचा रोग सापडला, त्यावर औषध नाही, लागण झालेलं झाड आणि त्याच्या शेजारची झाडं तोडून जाळावी लागतात. ४२ हजार झाडं होती, त्यातली हजारो गेली. नवीन झाडं लावतायत पण सावली धरायला वेळ लागणार. काही पट्ट्यात कमानी अजून सुंदर आहेत, काही ठिकाणी काठ बोडका आहे. मिदीच हवा असेल तर एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बघा आणि नेमका कुठला पट्टा आहे ते विचारा.

मी तुमच्या घरच्यांना बर्गंडी कालव्याची दक्षिण बाजू सुचवेन, वाँदनेस गावापासून दीजों शहरापर्यंत ऊश नदीचं खोरं. अख्खा कालवा २४२ किलोमीटर आणि १८९ लॉक, १८३२ साली पूर्ण झाला, योगायोग म्हणजे गुस्ताव आयफेलचा जन्मही त्याच वर्षीचा आणि दीजोंचाच. पण लगेच रेल्वे आली, १८५१ मध्ये पॅरिसची गाडी दीजोंला पोचली, माल तिकडे वळला, पुढे मोठ्या बोटींचा धंदा मोठ्या नद्यांवर गेला आणि हा डोंगराळ कालवा रिकामा होत गेला. आज मालवाहतूक जवळजवळ नाहीच. जुन्या मालवाहू बार्ज, ज्यातून धान्य आणि कोळसा जायचा, त्याच आतून पोखरून केबिन आणि सलून करून हॉटेल बार्ज झाल्या, त्यातल्या काही शंभरीला आलेल्या डच बोटी आहेत. शांतता आहे ती यामुळे.

या पट्ट्यात साधारण दर किलोमीटरला एक लॉक आहे. सुरुवातीला डोंगरावर शातोनफचा किल्ला दिसतो, तो बोट वळणं घेईल तसा बराच वेळ कधी डावीकडे कधी उजवीकडे येत राहतो, दुपारी मिनीबस वर नेते. मग पाँ द ऊशला कालवा नदीवरून पुलाने जातो, म्हणजे खाली नदी आणि वर आपली बोट. तिथून बोन हे गाव जवळ आहे. बोनचं ऑतेल दिए चुकवू नका, निकोला रोलँ या चॅन्सेलरने १४४३ साली गोरगरिबांसाठी काढलेलं इस्पितळ, रंगीत चकचकीत कौलांचं छप्पर, आत लाल पडद्यांच्या खाटांच्या रांगा, पाचशेहून जास्त वर्षं तिथे पेशंट होते. फोंतेनेची १११८ सालची अ‍ॅबी आहे पण ती उत्तर बाजूला मोंबारकडे, दुसऱ्या रूटवर येते, एका आठवड्यात दोन्ही कोंबू नका. पुयीचा ३.३ किलोमीटरचा बोगदा माथ्यावर आहे, आत काठाची वाटच नाही म्हणून पूर्वी साखळीवर चालणारी टग, म्हणजे ओढणारी बोट, बाकीच्या बोटींना ओढून न्यायची. ती टग आता बाहेर ठेवलीय, तिच्यावरची शेड शिगेरू बान या जपानी आर्किटेक्टने पुठ्ठ्याच्या नळ्या वापरून बांधलीय. बाबांना नक्की दाखवा. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, दीजोंच्या अलीकडे वेलारच्या आसपास हायवे खोऱ्यातूनच जातो आणि आवाज येतो, तिथे रात्रीचा मुक्काम नको असं कॅप्टनला पहिल्याच दिवशी सांगा, तो जागा बदलू शकतो.

दुसरा पर्याय ल्वार नदीच्या कडेने ब्रियारपर्यंतचा. तिथे लॉक कमी आणि ब्रियारला १८९६ चा ६६२ मीटर लांब लोखंडी जलसेतू, बोट चक्क ल्वार नदीच्या वरून जाते, दोन्हीकडे दिवे. खूप सुंदर आहे, पण आसपासची भटकंती मला बर्गंडीइतकी भरगच्च वाटत नाही. निव्हर्ने कालवा तर मला स्वतःला सगळ्यात आवडतो, हिरवागार, मात्र तिथे गावं लहान आणि दुकानं लवकर बंद, सत्तरीतल्या चार माणसांना घेऊन पहिल्यांदाच जाताना नको.

स्वतः चालवायची बोट मिळते, लायसन्स लागत नाही, मित्रमंडळी असाल तर धमाल. पण दिवसातून दहा वेळा दोर टाकायचे, लॉकच्या शिडीवर चढायचं, रात्री स्वयंपाक कोण करणार, आई-बाबांच्या पंच्याहत्तरीला हे करू नका.

गुडघ्याचं बघा. हॉटेल बार्जवर केबिन खाली आणि सलून-डेक वर असतात, मध्ये अरुंद जिना, लिफ्ट नसते असंच धरून चाला. किती पायऱ्या, कठडा एका बाजूला की दोन्ही, एकही केबिन वरच्या पातळीवर आहे का, शॉवरला उंबरा आहे का, काठावर उतरायला फळी कशी आहे, हे फोटोसकट मागवा. सासूबाई घरी एक मजला आधाराने चढत असतील तर निभतं, कारण दिवसातून तीन-चारदाच खालीवर होतं. त्यांना डेकवर पाठ असलेली खुर्ची मिळाली की लॉक, गायी, घरं सगळं बसल्याजागी दिसतं. एसी रात्रभर चालतो का हेही विचारा, जनरेटर रात्री बंद करत असतील तर उकाड्यात फरक पडतो.

जेवण. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. शेफ सहा-आठ माणसांसाठीच रांधत असतो, रोज ताजं आणतो, मनापासून करतो, पण फक्त व्हेजिटेरियन लिहिलंत तर समोर मासा येऊ शकतो किंवा सूप चिकनच्या स्टॉकमध्ये शिजलेलं असू शकतं आणि त्याला त्यात काही गैर वाटणार नाही. स्पष्ट लिहून द्या: मांस, मासे, स्टॉक, चरबी, जिलेटिन चालत नाही, अंडी चालतात की नाही, आणि प्रत्येक नावापुढे वेगळं. चीजबद्दल आयांशी आधी बोला. बर्गंडीत जेवणानंतर रोज दोन-तीन चीज येतात, चीजचा ट्रे म्हणजे तिथला सोहळाच, पण कोंते, एप्वास ही पारंपरिक चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात, नियमानेच. बऱ्याच शाकाहारी लोकांना हे माहीत नसतं आणि माहीत झाल्यावर वाईट वाटतं, म्हणून आधी सांगितलेलं बरं. शेफला सांगा की प्रेझ्यूर व्हेजेताल, म्हणजे वनस्पतीचं रेनेट, वापरलेली चीज आणून वेगळ्या ताटलीत ठेव, चांगल्या दुकानात मिळतात. बाकी जूनमध्ये अ‍ॅस्परॅगस, चेरी, स्ट्रॉबेरी, दीजोंची मोहरी, अंडी चालत असतील तर गुजेर नावाचे चीजचे फुगे, यावर चांगला शेफ आठवडा सहज काढतो. शेफबरोबर दीजोंच्या मंडईत जायला मिळतं का विचारा, लोखंडी खांबांची जुनी झाकलेली मंडई आहे, आयांना वाइनरीपेक्षा तिथे जास्त रमताना मी पाहिलंय. आणि एक संध्याकाळ वरण-भात हवा असेल तर तूरडाळ, हिंग, हळद घेऊन जा, कृती लिहून द्या, माझ्या बघण्यातले शेफ उत्सुकतेने करतात.

वाइन पॅकेजमध्येच असते, दुपारी-रात्री पांढरी आणि लाल दोन्ही. पीत नाही म्हणून पैसे सहसा कमी होत नाहीत. त्याऐवजी कासिसचा, म्हणजे काळ्या करंटचा रस मागा. दीजोंचे एकेकाळचे मेयर फेलिक्स किर यांच्या नावाने ओळखलं जाणारं पेय कासिसचं लिकर आणि पांढरी वाइन मिसळून करतात, वाइन नको असणाऱ्यांना कासिसचं सरबत सोड्यात छान लागतं. न्वी-सें-जॉर्जमध्ये कासिसचं एक छोटं म्युझियम आहे, वाइनरीची एक दुपार त्याला द्या.

पैशांचं स्पष्ट बोलते. माझ्याकडे येणारी लक्झरी कोटेशन्स माणशी सहा रात्रींना पाच ते सात हजार युरोंच्या आसपास असतात, थोडी साधी बार्ज याहून खाली. सहा जण आहात तर अख्खी बोट घ्या. सहा किंवा आठ जणांची बार्ज असेल तर चार्टरमध्ये वेळापत्रक, जेवण, मुक्काम सगळं तुमच्या हातात येतं, अनोळखी लोकांबरोबर एकाच टेबलावर आठवडा काढायचा प्रश्न राहत नाही, वयस्कर मंडळींना हे फार महत्त्वाचं असतं. टिप वेगळी, क्रूला मिळून पाच ते दहा टक्के, शेवटच्या दिवशी कॅश पाकिटात. विमान आणि इन्शुरन्स धरलेले नसतात.

बुक करण्याआधी एक कलम वाचा: पाणी कमी झालं किंवा लॉक बिघडलं तर काय. २०२२ च्या दुष्काळात फ्रान्समधले कित्येक कालव्यांचे पट्टे बंद करावे लागले होते. बोट एका जागी उभी ठेवून बसने फिरवणार, दुसऱ्या कालव्यावर हलवणार, की पैसे परत देणार, हे लेखी घ्या. म्हणूनच मी तारखा मेच्या शेवटापासून जूनअखेर किंवा सप्टेंबर सांगते. जूनमध्ये धरणांत पाणी असतं आणि उजेड रात्री साडेनऊपर्यंत. सप्टेंबरमध्ये द्राक्षांची तोडणी दिसते पण कोरडा उन्हाळा गेला असेल तर पाण्याची धाकधूक असते. पंच्याहत्तरीची तारीख लवचीक असेल तर जून.

व्हिसासाठी बार्जचा पत्ता काय लिहायचा हे सगळे विचारतात. ऑपरेटरकडून लेटरहेडवर पत्र घ्या, सहाही जणांची पासपोर्टवरची नावं, चढायचं-उतरायचं गाव, तारखा आणि पैसे भरल्याचा उल्लेख. पॅरिसच्या हॉटेलचं बुकिंग वेगळं जोडा. फ्रान्ससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, ज्येष्ठ मंडळींचा शक्य तितका लवकर टाका, इन्शुरन्स किमान ३० हजार युरोंचा लागतोच पण गुडघ्याचं ऑपरेशन जाहीर करून त्याहून मोठा घ्या. पॅरिसहून दीजों टीजीव्ही या वेगवान रेल्वेने दीड तासावर आहे, बरेच ऑपरेटर पॅरिसच्या हॉटेलवरून मिनीबसने नेतात. लँड झाल्याच्या दिवशी बोटीवर चढू नका, पॅरिसमध्ये दोन रात्री काढा.

जूनसाठी अख्खी बार्ज हवी असेल तर आदल्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्येच बोलणी सुरू करावी लागतात, चांगल्या कॅप्टनच्या बोटी आधी जातात. दोन-तीन कोटेशन्स आली की केबिनच्या नकाशासकट पाठवा, जिना आणि मुक्कामाच्या जागा मी बघून सांगते.